पास्कूच्या ट्रकचा हवेचा काटा

पास्कू, तू मेलास तोही तुझ्या स्वभावाला धरूनच. वाद अर्धा टाकून. रविवारी दुपारी तुझ्या ओट्यावरून मी "मर जा तिकडे" म्हणत उठून आलो आणि बुधवारी सकाळी तू खरोखरच मेलास. जन्मात माझा एक शब्द ऐकला नाहीस, आणि ऐकलास तो नेमका हा.

चर्चच्या मासिकात तुझ्यावर दोन पानं लिहून द्यायचं माझ्या गळ्यात पडलंय. या मासिकात वाईट माणूस मेल्याचं अजून माझ्या वाचनात नाही. मेलेले सगळे प्रेमळ, मनमिळाऊ आणि हसतमुख. तू यातला कुणीच नव्हतास. हट्टी होतास, कुजकट होतास, पत्त्यांत लबाडी करायचास आणि पकडला गेलास की पत्ते फेकून "हा काय खेळ आहे?" म्हणायचास. आपण साडू. तू थोरलीशी लग्न केलंस, मी धाकटीशी. म्हणजे वयानं माझ्याहून चार वर्षांनी लहान असून मानानं तू मोठा, आणि सासऱ्यांच्या घरी जेवायला बसलं की कोंबडीची तंगडी उचलताना तो मान तू एकदाही विसरला नाहीस. मला तू कधी आवडला नाहीस. आजही तुझा इतका राग आलाय की लिहिताना पेनाचं टोक कागदातून आरपार जातंय.

माझ्या फजित्या मी स्वतःच सांगत फिरतो, हे गिरीजपासून आगाशीपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. चर्चच्या घड्याळाला तेल घातलं आणि ते एका रात्रीत सव्वा तास पुढे पळालं. अख्खं गाव सकाळच्या मिस्सेच्या प्रार्थनेला येऊन उभं आणि फादर लुंगीवर दार उघडतायत, "कोण गेलं?" विचारत. ही गोष्ट मी शंभरदा तरी सांगितली असेल. स्वतःच्या लग्नात नवा बूट पायाला लागला म्हणून एका पायात बूट आणि एका पायात चप्पल घालून वेदीपाशी गेलो, तीही सांगितली. एकच फजिती मी कुणाला सांगितली नाही. सांगितली नाही म्हणजे तू सांगू दिली नाहीस. ती आज सांगतो. तुला आवडणार नाही. उत्तमच.

तुझा तो जुना डिझेल ट्रक. आगाशी आणि गिरीजच्या वाड्यांतली विड्याची पानं करंड्यांत भरून तू दुपारी निघायचास. संध्याकाळी मुंबईत लांबच्या गाडीच्या पार्सलडब्यात करंड्या चढल्या पाहिजेत. गाडी चुकली की पान दुसऱ्या दिवशी काळं पडतं आणि काळं पान बकरीसुद्धा हुंगून सोडते. फाट्यावरून महामार्गाला लागलं की खाडीपुलाच्या अलीकडे तो चढ. तिथे तुझा ट्रक असा रखडायचा की मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून दमायचे. दोनदा तुझं पार्सल चुकलं होतं. तिसऱ्यांदा चुकलं तर वाडीवाले दुसऱ्या ट्रककडे जाणार, हे तुलाही ठाऊक होतं.

तेव्हा मी कंपनीत इन्स्ट्रुमेंट विभागात होतो. म्हणजे नोकरीवर होतो, पण कंपनीला टाळं होतं. घरी बसून मी जुनी परदेशी मासिकं वाचायचो आणि वाचलेलं दुसऱ्याच्या गाडीवर करून बघायची मला भयंकर खाज. मी तुला म्हटलं, "सुपरचार्जर लावू. इंजिन स्वतः ओढतं त्याहून जास्त हवा पंख्यानं आत कोंबायची. हवा जास्त तर डिझेल जास्त देता येतं, आणि डिझेल जास्त तर चढावर तू पुढे, हॉर्नवाले मागे."

तू म्हणालास, "आणि इंजिन कुठे?"

दारूखान्यात, जिथे जुनी जहाजं फोडतात, तिथून आपण दोघांनी जहाजाच्या जनरेटरचा ब्लोअर, म्हणजे तो हवा कोंबणारा पंखा, आणला. भंगारवाल्याशी तू दोन तास भांडलास आणि मी दोन तास तो ब्लोअर मांडीवर घेऊन बसलो. तो पट्ट्यावर बसवला, फिरवला. छान फिरला. इथवर माझी काहीच चूक नाही, याची नोंद घे.

आता प्रश्न मोजण्याचा. ब्लोअर किती हवा देतोय हे कळल्याशिवाय डिझेलच्या पंपाचा स्क्रू किती फिरवायचा ते कसं कळणार? हवा कमी आणि डिझेल जास्त झालं तर काळा धूर, आणि आत पिस्टनची भट्टी. म्हणून हवेचं मीटर हवं. त्यावरून आपण तीन आठवडे भांडलो. मी तुला मासिकातलं चित्र दाखवलं. तापलेल्या तारेचं मीटर. तारेवरून हवा गेली की तार थंड होते, आणि किती थंड झाली त्यावरून हवेचं वजनच कळतं. तू हसलास. "हवेला कसलं वजन?" मग पाच मिनिटं गप्प बसून म्हणालास, "म्हणजे थंडीतली हवा भारी. म्हणून जानेवारीत गाडी बरी ओढते." मला हे समजायला कंपनीत दोन वर्षं लागली होती. तेव्हाही तुझा राग आला होता.

तसलं मीटर इकडे मिळणार नव्हतं. राहिले दोन रस्ते. एक, कॉलेजच्या प्रयोगशाळेतला. मोठा ड्रम घ्यायचा, त्याला नेमक्या मापाचं भोक पाडायचं, इंजिनाला हवा त्या भोकातूनच घ्यायला लावायची, आणि काचेच्या वाकड्या नळीत पाणी किती चढतं ते बघायचं. दुसरा रस्ता कुर्ल्याच्या भंगारात पडला होता. परदेशी मोटारीतून काढलेली ॲल्युमिनियमची पेटी, आत स्प्रिंगवर एक झडप. हवा जोरात आली की झडप उघडते, तिला जोडलेल्या तारेतून काटा हलतो. काय देखणी पेटी होती! मी तिच्या प्रेमात पडलो. लग्न ठरतानाही मी इतका वेडा झालो नव्हतो. हे माझी बायको रोझी वाचणार आहे, तरी लिहितो.

तू म्हणालास, "ड्रम बरा."

"ड्रम बांधून ट्रक फिरवशील? वाटेत पोलीस हातभट्टीची दारू म्हणून धरतील."

"मोजायचं, स्क्रू बसवायचा, मग ड्रम काढून ठेवायचा. भोक पाहिजे तेवढं मोठं पाडता येतं त्याला. ही तुझी पेटी कुठल्या गाडीतली?"

"परदेशी."

"परदेशी कळलं. केवढ्या?"

मी विषय बदलला. ती चार माणसांच्या छोट्या मोटारीतली होती.

बसवली. रिकाम्या ट्रकला गिरीजच्या रस्त्यावर काटा दोन तृतीयांशापर्यंत गेला आणि ट्रक असा पळाला की तुझ्या तोंडातली विडी विझली. मग करंड्या भरून निघालो. भार येताच काटा शेवटच्या रेघेवर जाऊन चिकटला तो हलेचना. मी केबिनमध्ये नाचलो. "बघ पास्कू! मोजता येणार नाही एवढी हवा!" आणि परत येऊन पंपाचा स्क्रू आणखी एक फेरा दिला.

त्या संध्याकाळी जनूकाकांच्या ओट्यावर आगाशीचे पाच-सहा पानवाडीवाले बसले होते. जनूकाका म्हणजे त्यांतले सर्वांत मोठे. ते ज्या ट्रकला पान देतील त्या ट्रकला सगळे देणार. त्यांच्यादेखत तू म्हणालास, "इनास, पाच किलोचा ताणकाटा घे. त्याला केळीचा पंधरा किलोचा लोंगर टांग. काटा कुठे जाईल?"

"पाचावर."

"वीस किलोचा टांग."

"पाचावरच."

"मग तुझा काटा शेवटच्या रेघेवर आहे म्हणजे हवा भरपूर आहे, हे तुला कुणी सांगितलं? मला तर धूर काळा दिसतो. माझ्या मते त्या पेटीचं तोंडच लहान आहे. इंजिनाचा गळा दाबतोय तू."

पास्कू, या विषयावर आजवर कुणी याहून सोपं आणि याहून खरं बोललेलं मी ऐकलेलं नाही. वाचलेलंही नाही. झडप पूर्ण उघडली होती, त्यापुढे तिला काही कळतच नव्हतं, आणि त्या चिंचोळ्या तोंडातून ब्लोअरला हवी तेवढी हवा येतच नव्हती. हवा कमी, डिझेल जास्त. तुला समजलं होतं. मी सगळ्यांसमोर काय म्हणालो? म्हणालो, "तू स्टिअरिंग धर. डोकं लावायचं काम शिकलेल्या माणसाकडे राहू दे."

वाडीवाले हसले. तूही हसलास. तुझं ते हसणं मला अजून सहन होत नाही.

मग तो मे महिन्यातला दिवस. जनूकाका स्वतः सोबत होते, वर करंड्यांपाशी, त्यांच्यावर ओली पोती टाकत. मी केबिनमध्ये काट्याकडे टक लावून. चढ लागला. तू आरशात बघून म्हणालास, "धूर बघ." मी म्हटलं, "काटा बघ." तू पुन्हा म्हणालास, "इनास, धूर बघ." मी पुन्हा काट्याकडे बोट दाखवलं. मग खालून कुणीतरी लोखंडी घण हाणावा तसा आवाज आला, बॉनेटमधून पांढरा धूर निघाला आणि ट्रक चढाच्या मध्यावर थांबला तो कायमचाच.

तू खाली उतरलास. बॉनेट उघडलंस. तेलाचा वास, ब्लोअरचा पट्टा अजून थरथरतोय. एकदा माझ्याकडे पाहिलंस. जनूकाका वरून ओरडत होते, "काय झालं रे? पान करपतंय इथे!" तू ट्रकखाली सरपटत गेलास आणि रेडिएटरचा खालचा नळ सोडलास. मला वाटलं, काहीतरी दुरुस्त करतोयस. उकळतं पाणी उतारावरून गटाराकडे वाहत गेलं. मेमधलं डांबर. जनूकाका दोर धरून खाली उतरेपर्यंत रस्ता कोरडा झाला होता.

"काय झालं?"

तू रेडिएटरचं झाकण काढून दाखवलंस. "माझी चूक, काका. सकाळी पानी बघायचं राहिलं."

जनूकाका तुला काय काय बोलले ते इथे छापता येणार नाही. फादर मासिक वाचतात.

बेचाळीस करंड्या तिथे काळ्या पडल्या. ट्रक ओढून आणला, तुझ्या अंगणात आपण दोघांनीच इंजिन उघडलं. तिसऱ्या पिस्टनला वरून भोक. वितळलेल्या मेणबत्तीसारखा तो ओघळला होता. मी म्हटलं, "उद्या जनूकाकांकडे जातो. सांगतो, पेटी मी निवडली, स्क्रू मी फिरवला."

"आणि मग?" तू पिस्टन पुसत म्हणालास. "कंपनी तुझी उघडत नाय. पंप दुरुस्तीचं दुकान टाकायचं म्हणतोस. वाडीवाल्यांचे विहिरीवरचे पंप कुणाकडे येणार? ज्यानं साडूचं इंजिन जाळलं त्याच्याकडे? माझी गाडी गेली ती गेली. दोघी बहिणी आहेत, दोघींच्या चुली कशाला विझवायच्या?"

खरं सांगू? मला हायसं वाटलं. मी घरी जाऊन जेवलो. दोनदा भात घेतला.

पुढे झालं ते सगळ्यांना दिसलं, पण कारण कुणाला कळलं नाही. पास्कू पाणी बघायला विसरतो, म्हणून तुला पुन्हा कुणी पान दिलं नाही. तू ट्रक भंगारात दिलास आणि दुसऱ्याच्या टेम्पोवर पाच वर्षं मिठाची पोती ओढलीस. माझं दुकान चाललं. आगाशीचे निम्मे पंप माझ्याकडे येतात. जनूकाका नव्या माणसाला सांगतात, "इनासकडे ने. तोंडाचा फटकळ आहे, पण हाताला चूक नाय."

आणि तू! चारचौघांत एक शब्द नाही. मात्र दुकानात कुणी नसलं की टेम्पो हळू करून खिडकीतून डोकं काढायचास: "काय शेठ, काटा कुठवर आलाय?" पाच वर्षं, पास्कू. आठवड्यातून दोनदा तरी. उपकार करायचा तर मुकाट्यानं करावा. रोज त्याची आठवण करून द्यायची आणि फेडू मात्र द्यायचं नाही, हा कुठला न्याय? मी तुझी बुडालेली कमाई देऊ केली, नाही म्हणालास. जुना टेम्पो घेऊन देतो म्हटलं, तर म्हणालास, "त्याला हवेचं मीटर लावणार असशील तर नको."

म्हणून त्या रविवारी आलो होतो. म्हटलं, आता दुकानाचं बस्तान बसलंय, मी जनूकाकांना सगळं सांगतो, तुला पुन्हा पानाचं काम मिळेल. तू रेडिओवर क्रिकेट ऐकत होतास. आवाज कमीसुद्धा केला नाहीस.

"सांगायचं नाय."

"का?"

"माणूस एकदा विसरला तर लोक विसरतात. खोटं बोलला तर विसरत नाय. पाच वर्षं मी खोटा होतो असं होईल."

"पण चूक माझी होती!"

"होती. मी घेतली तुझ्याकडून. आता माझी आहे. तिला हात लावायचा नाय."

चूक म्हणजे काय सासऱ्यांच्या घरची तंगडी आहे, मोठ्या साडूनं आधी उचलायला? मी ओरडलो. तू रेडिओ मोठा केलास. मग मी जे बोललो ते वर लिहिलंय.

तुला मातीत ठेवल्यावर सातव्या दिवशी मिस्सा झाली. जनूकाका आगाशीहून आले होते, टोपी हातात धरून मागच्या बाकावर बसले. बाहेर आल्यावर मी त्यांना धरलं आणि सगळं सांगितलं. पेटी, झडप, स्क्रू, नळ, सगळं. त्यांनी ऐकलं, आणि माझ्या पाठीवर थाप मारून हसले.

"तू म्हणजे ना, इनास! मेलेल्या माणसासाठी पण स्वतःची फजिती रचतोस. चांगलं मन आहे तुझं."

"काका, खरं आहे हे."

"हो, हो. आणि आता ती घड्याळाची सांग, ह्या पाहुण्यांनी ऐकली नाय."

मी घड्याळाची गोष्ट सांगितली, पास्कू. काय करणार, सगळे वाट बघत होते. सांगताना नेहमीच्या जागी लोक नेहमीसारखे हसले. जन्मभर स्वतःला हसवून घेतलं की एक दिवस माणसाचं खरं कुणी खरं मानत नाही. हा तुझा सूड असेल तर तो फार बारीक काम केलेला आहे. तुझ्या हातचा वाटत नाही.

मग तुझ्या घरी गेलो. मोनीबाय मागच्या दारी बसली होती. मला वाटलं, तिला तरी तू सांगितलं असशील. बायकोला सांगतात माणसं. मी सुरुवात केली आणि नळ सोडलास त्या जागी आलो तशी तिनं हात वर केला.

"थांब. रेडिएटरमध्ये पाणी होतं?"

"होतं."

ती म्हणाली, "रोज जेवताना ह्यांच्यापुढे पेला ठेवताना मी म्हणायची, 'पाणी ठेवलंय, विसरू नका.' रोज. पाच वर्षं. गाडी गेल्याचा राग होता माझा. हे नुसते हसायचे आणि प्यायचे. गेले त्या दिवशी सकाळीसुद्धा म्हटलं मी."

माझ्या तोंडाला सवय आहे ती गंमत करायची, आणि मी काहीतरी बोलणार होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "आता मी कुणाची माफी मागू, सांग. तू तरी मागू शकतोस कुणाची? गेले ते. जनूकाकांनी खरं मानलं?"

"नाही. हसले."

"हसणारच. तू सांगतोस तसंच. मासिकात लिहून देणार आहेस ना ह्यांच्यावर? मग त्यात लिही. नाव घालून लिही. आणि ते लिहिशील तिथे हसवू नकोस, इनास. एवढं एक कर."

पास्कू, तू म्हणाला होतास, त्या चुकीला हात लावायचा नाय. तू मोठा साडू, पण मोनीबायपुढे तुझंही कधी चाललं नाही. तुझ्याशी भांडायला मी आयुष्यभर मोकळा आहे, आणि भांडणार आहे. पण पुढचं तुझ्यासाठी नाही. आगाशी आणि गिरीजच्या ज्या वाडीवाल्यांनी त्याला पान द्यायचं बंद केलं त्यांच्यासाठी आहे.

त्या दिवशी पास्कूच्या ट्रकचं इंजिन जळलं ते मी निवडलेल्या आणि मी बसवलेल्या हवेच्या मीटरमुळे. ते मीटर त्या इंजिनाला लहान होतं. पास्कूनं मला ते आधी सांगितलं होतं, जनूकाकांच्या ओट्यावर, तुमच्यापैकी काही जण तिथे होते. मी ऐकलं नाही. माझं दुकान चालावं म्हणून त्यानं रेडिएटरचा नळ स्वतः सोडला आणि चूक आपल्यावर घेतली, आणि मी ती घेऊ दिली. पाच वर्षं गप्प बसलो.

त्या सकाळी निघण्याआधी पास्कूनं रेडिएटरचं झाकण उघडून पाणी पाहिलं होतं. थोडं कमी होतं, ते त्यानं भरलं. मी शेजारी उभा होतो.